तीव्र वासाचे पदार्थ

विचुंबे, नवीन पनवेल
१२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
रेवाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू स्वतःच्या मनाने भरतेस. परवा मी म्हणाले ऑफिसात कटकट आहे, तर तू शेजारच्या गुणाबाईंना सांगितलंस की रेवाचं ऑफिस बंद पडलं. त्यांच्या मुलीने मला सांत्वनाचा मेसेज पाठवला. म्हणून हे पत्र. तुला ते दोनदा वाचता येईल आणि मला ओरडावं लागणार नाही.

तर दिवाळीपासून मी पनवेल ऑफिसची प्रमुख आहे, हे तुला पेढे पोचले तेव्हाच कळलं. पेढे संपले, कटकट उरली. काम तेच, गोठवलेली मासळी कंटेनरमधून परदेशी जाते तिची कागदपत्रं करायची. माणसंही तीच. कालपर्यंत मी त्यांच्याबरोबर बसून टंगळमंगळ करायचे, आज मला त्यांच्याकडून काम करून घ्यायचंय. कंपनीने लोणावळ्याला एका हॉटेलात शिबिरही केलं, उत्तम नेतृत्वाचं. मी सगळं लिहून घेतलं आणि सगळं केलं. सकाळी उभ्याने मीटिंग घेते, तर सगळे आपापल्या चपलांकडे बघतात. केबिनचं दार सताड उघडं ठेवते, त्यातून फक्त डास येतात. भावेश मला सवयीने 'ए रेवा' म्हणतो, मग दचकून 'मॅडम' जोडतो. दिपिका प्रत्येक कागद माझ्याकडे आणून ठेवते आणि मी तपासेपर्यंत मोबाइल बघते. शेवटी मीच सगळं पुन्हा टाइप करते आणि घरी जाईपर्यंत मनस्वी झोपलेली असते. अविनाश काही बोलत नाही, नुसता कुकर पुन्हा गरम करतो. ते जास्त लागतं.

त्यात मुंबईहून मोठे साहेब आले. दारातच नाक वर करून त्यांनी विचारलं की हा वास कसला. माझी अशी धांदल उडाली की त्याच दुपारी मी सगळ्यांना मेल पाठवला: एसी ऑफिस असल्यामुळे तीव्र वासाचे पदार्थ डब्यात आणू नयेत. कुणी एक अक्षर बोललं नाही. निदान तेवढी एक गोष्ट तरी बिनबोभाट झाली.

तू एवढ्या मोठ्या इस्पितळात मेट्रन होतीस, चाळीसेक नर्सांना सांभाळलंस. मला इथे चार माणसं आवरेनात. काहीतरी उपयोगाचं लिही. 'सगळं होईल नीट' असं लिहू नकोस, ते अविनाश म्हणतो.

तुझा लोभ आहे, तो माझ्या तक्रारींमुळे आटू देऊ नकोस.

तुझी,
रेवा


कोल्हापूर
१९ जानेवारी २०२५

चि. रेवा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा नाही, तीनदा वाचलं, कारण तुझं अक्षर दिवसेंदिवस डॉक्टरांसारखं होत चाललंय. कानातलं मशीन दुरुस्त होऊन आलं, आता ते शिट्टी वाजवतं. तुझे वडील म्हणतात, निदान तू कुठल्या खोलीत आहेस ते कळतं. तुझ्या वडिलांशी मी सध्या बोलत नाही.

आता तुझं. शिबिरात जे सांगितलं ते वाईट नसेल, पण दार उघडं ठेवून काय उपयोग, त्यातून तू बाहेर आलीस का? मी राउंडला निघाले की आधी कोपऱ्यातल्या खाटेकडे जात असे. दाराजवळच्या पेशंटला सगळेच विचारतात. उभ्याने मीटिंग कशासाठी? पाय दुखले की माणूस खरं बोलतो असं कुणी सांगितलं तुला? प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन बस आणि आज काय अडलंय ते विचार, आणि मग गप्प बस. हे गप्प बसणं तुला जमणार नाही, मला माहीत आहे. तरी प्रयत्न कर.

दुसऱ्याचं काम तू पुन्हा करतेस, हा मोठेपणा नाही, तो आगाऊपणा आहे. नव्या नर्सने बेड चुकीचा लावला तर मी तो लावून देत नसे. उसकटून परत तिच्याच हातात देत असे. पहिले काही दिवस त्या मला शिव्या घालत, नंतर बेड नीट लागत. दिपिकाचा कागद चुकला तर चुकीवर खूण कर आणि तिला परत दे. उशीर होईल, होऊ दे.

पण मला खटकलं ते वेगळंच. तू सगळ्यांच्या चपला, दारं आणि मोबाइल लिहिलेस, पण डब्याचा तो मेल दोन ओळींत उरकलास. तुमच्यात डब्यात काय काय येतं? कोण काय आणतं? तू कुठे बसून जेवतेस? चार माणसं म्हणालीस आणि नावं दोनच लिहिलीस. आणि तीव्र वासाची तुला कधीपासून अडचण व्हायला लागली? आपल्या घरी रविवारी तांबडा रस्सा शिजला की पोस्टमनला कोपऱ्यावर कळायचं.

याचं उत्तर आधी लिही, बाकीचं मागाहून. घरात सर्वांस आशीर्वाद, अविनाशला दोन जास्त, कुकरबद्दल.

तुझ्यावर रागावायला हक्काची,
आत्या


विचुंबे
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या सल्ल्याने दिपिकाला कागद परत दिला. ती रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा परत दिला, तेव्हा ती रागावली. तिसऱ्या कागदात चूक नव्हती. म्हणजे तू बरोबर होतीस, आणि हे लिहिताना मला किती जड जातंय ते तुला कळलं असेलच.

पण आता ते सगळं बाजूला राहिलं. कोमलने राजीनामा दिलाय. या महिनाअखेर जाणार.

तिचं नाव मी लिहिलं नव्हतं, हे तुला बरं दिसलं. कोमल उरणजवळच्या करंजाची. तिचे वडील अजून बोटीवर जातात, आई बाजारात बसते. मी या ऑफिसात नवीन आले तेव्हा मला कागदांतलं काहीही कळत नव्हतं, ते तिने शिकवलं. माझ्या चुकीने एक अख्खा कंटेनर बंदरात अडकला, तेव्हा ती माझ्याबरोबर रात्रभर बसली आणि कुणाला सांगितलं नाही. प्रमुख खरं तर तिलाच करायला हवं होतं. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून केलं नाही. आत्या, ती गेली तर हे ऑफिस मला चालवता येणार नाही. आणि ऑफिसचं जाऊ दे, ती गेली तर मला वाईट वाटेल, खूप.

मी तिला केबिनमध्ये बोलावून पगार वाढवून देते म्हटलं. ती नको म्हणाली. कारण विचारलं, तर म्हणाली घरचं हाय. घरचं काही नाही, मला ठाऊक आहे.

डब्याचं विचारलंस ना, ऐक. आम्ही सगळे मधल्या टेबलावर एकत्र जेवायचो. मी झुणका न्यायचे, ती आईच्या हातचं सोड्याचं, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचं, कालवण आणायची, आणि ते मीच जास्त खायचे. प्रमुख झाल्यावर मी केबिनमध्ये जेवायला लागले, कारण शिबिरात सांगितलं होतं की थोडं अंतर ठेवावं. मेलनंतर कोमल डबा घेऊन जिन्यात बसते. मला वाटलं, वारा येतो म्हणून बसत असेल. तिने इतकं मनाला लावून घ्यायचं कारण काय? मेलमध्ये तिचं नाव कुठे होतं? मी सगळ्यांनाच लिहिलं होतं.

आणि वास अजून येतोच. उलट वाढलाय. आता कुणाचा डबा बंद करू?

लवकर उत्तर दे. तुझी माया आहे म्हणून हे लिहायचा धीर होतो.

रेवा


कोल्हापूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. रेवा हिस,
आशीर्वाद. तेवढे रागातही द्यावेच लागतात.

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. नाव नव्हतं म्हणे. अगं, टेबलावर मासळी ती एकटीच आणत होती ना? बाकीच्यांच्या डब्यात बटाट्याची भाजी. मग नाव लिहायला कशाला हवं? नाव लिहून तिला एकटीला सांगितलं असतंस तर तिने तुला तोंडावर दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. तुला ते नको होतं. म्हणून सगळ्यांच्या आड लपलीस. एकाशी बोलायचं धाडस नसलं की वरिष्ठ लोक नोटीस काढतात, हे मी नोकरीभर पाहिलंय. आणि तुमचं अख्खं ऑफिस मासळीवर चालतं. तिचे वडील जी मासळी काढतात तिच्यावर तुझा पगार होतो, आणि तिच्या डब्यातल्या तेवढ्याच मासळीचा तुला वास येतो. मला तुझी लाज वाटली, हे स्पष्टच लिहिते.

आता काय करायचं ते नीट वाच. तिला केबिनमध्ये बोलावू नकोस. मेल सगळ्यांनी वाचला, तर चूकही सगळ्यांसमोर कबूल कर, त्याच टेबलावर, जेवणाच्या वेळी. दुसरा मेल पाठवलास तर मला पत्र लिहू नकोस. शब्द थोडे ठेव. 'कुणाला वाईट वाटलं असेल तर' असलं काही म्हणू नकोस, कुणाला ते तुला माहीत आहे.

आणि त्याच वेळी तिला थांब म्हणू नकोस. माफी मागायची आणि लगेच काहीतरी मागायचं, हा सौदा झाला. ती थांबली तर थांबली.

राहिले तुझे साहेब. खालच्यांसमोर वाकणं त्या मानाने सोपं असतं, लोक कौतुकही करतात. साहेब आले की त्यांच्यासमोर हेच म्हणता आलं, तर तू त्या खुर्चीची. नाहीतर खुर्ची नुसती फिरते.

आणि माणूस बोलावून छत उघडून बघ. वाढत जाणारा वास डब्याचा नसतो, हे मेट्रनला विचारायला नको.

मशीन शिट्टी वाजवतंय, थांबते. रागावले तरी तुझीच,

आत्या


विचुंबे
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. अविनाशने विचारलं काय झालं, तर त्याच्या हातात पत्र दिलं. तो वाचून म्हणाला की आत्यांना ऐकू येत नाही, पण दिसतं फार.

एसीवाला येऊन छताची फळी काढून गेला. वर घूस मरून पडली होती. साहेबांना आला तो वास तिचाच. भावेश हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. मला हसू आलं नाही. कोमलकडे बघायची हिंमत झाली नाही.

त्याच दुपारी मी माझा डबा घेऊन बाहेर आले आणि दिपिकाला जिन्यात पाठवून कोमलला बोलावलं. उभी राहिले आणि सांगितलं की तो मेल मी कोमलच्या डब्यावरून लिहिला होता, साहेबांना घाबरून लिहिला होता, आणि तो चूक होता. पुढे बरंच ठरवलं होतं, ते सगळं विसरले. बरंच झालं. कोमल खाली बघत होती. मग म्हणाली की जेवा मॅडम, झुणका निवल. एवढंच. मी थांब म्हटलं नाही. जीभ चावून गप्प राहिले, तुझ्यासाठी.

शुक्रवारी साहेब आले, नेमके जेवणाच्या वेळी. कोमलने त्या दिवशी सोडे आणले होते. मुद्दाम आणले असतील, मी विचारलं नाही. कालवण माझ्या ताटात होतं. साहेबांनी पुन्हा नाक वर केलं आणि तेच विचारलं. सगळ्यांचे हात थांबले. मी सांगितलं की सर, वास माझ्या ताटातून येतोय, सोड्याचं कालवण आहे, मागच्या वेळी आला तो मेलेल्या घुशीचा होता, आणि आपण विकतो ती मासळी या टेबलावर चालेल असं मी ठरवलंय. साहेब आंबट तोंड करून म्हणाले की ऑफिस तुमचं, तुम्ही बघा. बसले नाहीत. त्यांच्या वहीत माझं नाव कुठल्या बाजूला गेलं असेल देव जाणे.

ते गेल्यावर कोमलने न विचारता माझ्या ताटात आणखी कालवण वाढलं. पण राजीनामा तसाच आहे. येत्या शुक्रवारी तिचा शेवटचा दिवस. आत्या, मी सगळं केलं ना? मग ती का थांबत नाही?

तुझी वैतागलेली,
रेवा


विचुंबे
९ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. त्यावर 'सौदा नव्हता ना?' एवढंच लिहिलंयस. पोस्टमनने तेही वाचलं आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. नव्हता, आत्या. पण वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

कोमल गेली. जाताना तिने खरं कारण सांगितलं. ती जिन्यात बसून जेवत होती ना, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या ऑफिसातल्या बाईंनी तिला पाहिलं. पायरीवर काय बसतेस म्हणाल्या, आत नेलं, खुर्ची दिली. रोज द्यायला लागल्या. मग एक दिवस नोकरीही देऊ केली. तेही आमच्यासारखंच काम करतात. कोमल म्हणाली की तुमच्यावर राग नाय आता, पन ज्यांनी बसायला खुर्ची दिली त्यांना शब्द दिलाय, तो कसा मोडू. माझ्या एका मेलने मी माझं सगळ्यात चांगलं माणूस स्वतः उचलून शेजाऱ्यांना नेऊन दिलं.

सोमवारी मी तिच्या रिकाम्या टेबलाशी बसून तिचे कागद लावत होते. मनात तुलाही शिव्या घालत होते, कारण तुझं सगळं ऐकूनही ती गेलीच. जेवायची वेळ झाली. आम्ही टेबलावर बसलो. तेवढ्यात दार लोटून कोमल आत आली, हातात डबा. म्हणाली की खाली काम चांगलं हाय, पन जेवायला करमत नाय. नेहमीच्या जागेवर बसली, डबा मधोमध ठेवला आणि दिपिकाला विचारलं की आज तापमानाचा दाखला लावलास का. लावला नव्हता.

तेव्हापासून रोज येते. दुसऱ्या कंपनीची बाई आमच्या टेबलावर बसून आमच्याच लोकांच्या चुका काढते, आणि मला काही म्हणता येत नाही. साहेबांना कळलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलंय: माझ्याकडे पाहुणी येते. केबिनमध्ये मी आता फक्त छत्र्या ठेवते.

आणि काल तिने सगळ्यांसमोर मला 'ए रेवा' म्हटलं. मॅडम जोडलं नाही, आणि ते विसरून नव्हे. मी ताटावरून मान वर केली नाही, डोळ्यांत पाणी आलं होतं ते दिसू नये म्हणून. तिला वाटलं तिखट लागलं. तिने भात पुढे केला.

बाबांशी बोलायला लाग आता. आणि रागावत राहा, तुझा राग मला पुरून उरू दे.

तुझी,
रेवा

ता. क. कोमलच्या आईने तुझ्यासाठी सोडे दिलेत. पार्सल करतेय. पोस्टमनला वास येईल, येऊ दे.