अवलंबून असलेल्या व्यक्ती

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि. आईला नमस्कार, चिऊला एक टपली.

घरांची सोडत निघाली. खोलीत आम्ही चौघे आहोत, फोनवर बोललं की बाकी तिघांचे सल्ले येतात, म्हणून लिहितो. अर्ज आणला आणि भरलाही. आधी कोऱ्या कागदावर सगळा लिहून पाहिला, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, मग खऱ्या अर्जावर उतरवला. एका माणसाला एकच अर्ज मिळतो. दुकानात पाटी रंगवताना चुकलं तर टर्पेंटाइनने पुसता येतं, इथे ती सोय नाही. हल्ली हात जरा मोकळा आहे म्हणून हे निवांत जमलं.

तुमच्या घरमालकाने उन्हाळ्यापर्यंत जागा खाली करायला सांगितल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. एकट्या माणसाचा नंबर लागला तर एक खोली मिळते, कुटुंब असेल तर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आईला कुटुंबात धरतात. बहिणीला मात्र ती अर्जदारावर अवलंबून असेल तरच धरतात. म्हणून चौथ्या पानावर 'अवलंबून असलेल्या व्यक्ती' या रकान्यात आई, तू आणि चिऊ अशी तिघींची नावं घातली आहेत. तुझ्या नावापुढे नातं आणि 'अवलंबून', आणि कमाईपुढे 'नाही' लिहिलं आहे. रागावू नकोस. दवाखान्याच्या लाँड्रीत कोण किती चादरी इस्त्री करतं ते बघायला कोणी येत नाही, असं खोलीतला एकजण म्हणाला.

तू फक्त तुझ्या नावापुढे सही करायची आणि पाकीट परत पाठवायचं. पान दुमडू नकोस. चिऊच्या हाती देऊ नकोस. आणि खाडाखोड अजिबात नको, तसा अर्ज खिडकीवरूनच परत करतात. माझा पगाराचा दाखला मालक आज-उद्या देतील.

माया आहेच, राग आला तरी ती राहू दे.
तुझा बारक्या

९ फेब्रुवारी

चि. बारक्यास अ. उ. आ.

तुझं अक्षर बघून आईने पाकीट देवासारखं कपाटावर ठेवलं. चिऊला हातही लावू दिला नाही. चिऊ विचारते, मामाच्या घराला खिडकी किती? आई विचारते, मजला कितवा? दोघींनी घर लावायला घेतलंसुद्धा. तुझ्या अर्जाने एवढं झालं, याचं मला कौतुक आहे, ते आधी लिहून ठेवते.

आता दुसरं. माझ्या नावापुढचा 'अवलंबून' हा शब्द मी खोडला. त्यावर 'सोबत राहणारी' असं लिहिलं आणि सही केली. कमाईपुढचं 'नाही'ही खोडून, आहे ती कमाई लिहिली. सासरी असताना उठता-बसता तोच शब्द ऐकत होते. भाजीत मीठ जास्त पडलं तरी सासूबाई म्हणायच्या, दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसाने जिभेचे लाड करू नयेत. चिऊला कडेवर घेऊन तिथून निघाले ती या एका शब्दातून सुटायला. दिवसभर वाफेत उभी राहते, बोटांची सालं जातात, आणि माझा भाऊ सुवाच्य अक्षरात लिहितो की ही काहीच कमवत नाही! तुला अ आ इ पाटीवर मी गिरवायला शिकवलं, बाबा. एवढं शुद्ध लिहायला शिकलास, जरा खरंही लिही.

खोटं लिहून मिळालेल्या घरात मला झोप लागायची नाही. कोणी दार वाजवलं की वाटेल, आले तपासायला.

जेवत जा. आशीर्वाद आहेत, रागासकट.
तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अर्ज बाद झाला. खिडकीवरच्या बाईंनी चौथं पान उलटलं, खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, बहिणीने केलंय, तिला माहीत नव्हतं. पण तुला माहीत होतं. मी लिहिलं होतं. त्या म्हणाल्या की या सोडतीत माझ्या नावाने आता दुसरा अर्ज नाही.

एका शब्दाने तुझं काय बिघडत होतं? कागदावरच तर होता. आईला मजला कितवा ते आता तूच सांग. दाखला मालकांनी दिला नाहीच, त्यांना वेळ नव्हता. पण आता दाखला असून तरी काय करायचंय?

जास्त लिहीत नाही. लिहिलं तर वाईट लिहिलं जाईल. सगळ्यांनी प्रकृतीला जपावं.
बारक्या

२४ फेब्रुवारी

चि. बारक्यास अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. पोस्टमन चुकला असेल म्हणून सांगितलं. दोन दिवस इस्त्री फिरवताना तूच डोळ्यांपुढे होतास. एक चादर जाळली.

मग तुझ्या दुकानात फोन केला. वाटलं, मालकांची विनवणी करून तुझा दाखला मिळवावा, काही ना काही वाट निघेल. त्यांनी सरळच सांगितलं, कुठला दाखला ताई? सगळीकडे छापील फ्लेक्स लागतात, हाताने पाटी रंगवून घेतोय कोण? पोरगा गुणी आहे म्हणून येऊ देतो. येतो, ब्रश धुतो, डबे पुसतो, बसतो. पाच-सहा महिने झाले म्हणे.

मला का नाही सांगितलंस? तीन माणसं स्वतःच्या नावावर लिहून घेतलीस आणि तुझ्या खांद्यावर आधी किती ओझं आहे ते मात्र लिहिलं नाहीस. मी 'खरं लिही' म्हणून तुला टोचलं, तेव्हा नेमकं कुठे टोचलं असेल ते आता कळतंय.

असो. रजा टाकून मी बसने सोडतीच्या कार्यालयात आले होते. तुला भेटले नाही, कारण भेटले असते तर दोघं भांडलो असतो नाहीतर रडलो असतो, आणि परतीची बस चुकली असती. माझ्या नावाने अर्ज घेतला. लाँड्रीच्या मुकादमबाईंनी दाखला एका दमात लिहून दिला. भाऊ कुटुंबात धरतात का, म्हणून खिडकीवर विचारलं. लग्न न झालेला आणि ठरलेली कमाई नसलेला असला तर धरतात, असं तिथल्या बाई म्हणाल्या.

तेव्हा सोबत अर्ज पाठवते आहे. चौथ्या पानावर आई आहे, चिऊ आहे आणि तू आहेस. तो रकाना त्यांचाच छापलेला आहे, आणि मी आता त्याला हात लावणार नाही. तुझ्या नावापुढे नातं आणि 'अवलंबून' असं हाताने लिहायला लावतात, ते लिहिलं. लिहिताना पेन थांबलं माझं. तुझं थांबलं तर मी काही बोलणार नाही. पण सही केलीस तर तूच खिडकीवर नेऊन दे, मुदत पाच तारखेला संपते.

तुझी, खोडायची हौस फिटलेली,
ताई

४ मार्च

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

पाकीट सोमवारी मिळालं. उघडून पुन्हा बंद केलं. खोलीतल्या तिघांनी काय आलं म्हणून विचारलं, तर लग्नपत्रिका म्हणून सांगितलं.

दुकानाचं खरं आहे. मालक हाकलत नाहीत, तेच जड जातं. आईला मात्र अजून कळवू नकोस, मी येऊन सांगेन.

ताई, तू 'अवलंबुन' लिहिलं आहेस. बु पहिला. तो दुसरा हवा. एवढा मोठा शब्द, आणि तोही माझ्या नावापुढे! पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. एक उकार उलटा फिरवला की झालं असतं, पण खाडाखोड चालत नाही. तसाच ठेवला आणि शेजारी सही केली.

आज खिडकीवर त्याच बाई होत्या. मला ओळखलं असावं. चौथं पान वाचलं आणि मान वर न करता विचारलं, बहिणीवर अवलंबून असलेले ते आपणच का? मी हो म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो असेन, कारण शेजारच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला. त्यांनी शिक्का मारला.

सोडत पुढच्या महिन्यात आहे. अर्जांचे गठ्ठे छताला लागलेत, तेव्हा आईने भांडी बांधायला घेऊ नयेत. घरमालकाकडे महिनाभर जास्त मागून बघ, मी शनिवारी येतो, दोघं मिळून बोलू. तुमच्या लाँड्रीत चादरींच्या गाड्या ओढायला माणूस लागतो असं तू मागे म्हणाली होतीस, ते अजून खरं आहे का, तेही विचारून ठेव.

तुझ्या मायेवर,
बारक्या