वाळूतला झिरा

ऑस्ट्रेलिया,
ऑक्टोबर २००४

माझ्या आईला करुणाचा जय भीम.

सुमित, कुरकुंभच्या कारखान्यातली पाळी करून आलास की आईला हे सावकाश वाचून दाखव.

आई, मी बरी हाय. कामावरची, दवाखान्यातली माणसं चांगली हायेत. मराठी बोलायला कुणी न्हाई, म्हणून भाकरी थापताना एकटीच बडबडते. तुझा गुडघा कसा हाय? डोहावर धुणं घेऊन जाऊ नको.

इथंबी आपल्या घोडनदीसारखी नदी हाय. पाऊस झाला तर वाहते, न्हाईतर नुसती वाळू आन् मधीमधी डोह. तुला वाटलं व्हतं ना, परदेशात सगळं हिरवंगार असंल?

रविवारी डोरा मावशीनं मला नदीत नेलं. ती माझ्यासंगं दवाखान्यात काम करते. इथल्या मूळच्या लोकांतली, तुझ्याच वयाची. डोह आटला व्हता, म्हणून तिनं हातानं वाळू उकरून झिरा केला. पहिलं गढूळ पाणी मी उपसून टाकलं, तशी ती हसली. "कुणी शिकवलं?" म्हणली. म्हणलं, "आईनं."

पाणी निवळलं तवा मी काय केलं सांगू? मागं सरले आन् ओंजळ धरून बसले, ती वरनं पाणी घालंल म्हणून. लहानपणी तुझ्यासंगं वरच्या आळीच्या झिऱ्यावर, पाण्याला न शिवता लांब बसायचे, तशीच. तिला काय कळंना. तिनं माझं मनगट धरलं आन् हात सरळ पाण्यात घातला.

लई गार व्हतं गं. पोटभर प्याले. तुझ्या वाटचंबी.

तुझी,
करुणा