चहाच्या खोक्यांचं घर

१२ जानेवारी १९३०, रविवार

सहा खोकी आली! चहाची. कडांना पत्रा, आत चकचकीत कागद, आणि वास असा की दुपारभर नुसती श्वास घेत बसले. सख्खा भाऊ कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर कारकून असल्याचा हा पहिला फायदा. दादाने चिठ्ठीत लिहिलंय — "लीले, फुटकी आहेत, पण तुझ्या हातात गेली की सोन्याची होतील." गोड बोलावं ते दादानेच.

मामंजींचं पत्र वाचून वाचून घडीवर फाटलं. "मुलीस राहण्याजोगे घर मांडा. मग पाडव्यास येऊन तिला घेऊन जा." सहा वर्षं वाट पाहिली या दोन ओळींची. हे गेले तेव्हा शकू तीन वर्षांची. मी ट्रेनिंगला आले, मग शाळेत लागले, आणि पोर करमाळ्याला आजोबांच्या घरी राहिली. वर्षातून दोनदा भेट, तीही सासूबाई समोर बसलेल्या.

आता सोलापुरात बाळीवेशीजवळ या दोन खोल्या आहेत. पगार मास्तरणीचा. सुताराकडून सामान करून घ्यायचं म्हटलं तर शकूचे केस पिकतील. तेव्हा ही खोकी, आणि मी.

१४ जानेवारी

संक्रांत. वर्गातल्या मुलींनी तिळगूळ दिला. पुढच्या वर्षी घरातच देणारी असेल.

१९ जानेवारी, रविवार

करवत मागायला कोपऱ्यावरच्या संगप्पा सुताराकडे गेले. "बाईमाणूस करवत घेऊन काय करणार?" मेज करणार, म्हटलं. तो हसला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, स्वतःच करवत घेऊन आला आणि दारात उकिडवा बसून माझी फजिती बघू लागला. "दाबू नका की बाई. तिच्या चालीनं जाऊ द्या. दाबलं की ती रुसती."

रुसली खरीच. अंगठ्याला चिंधी बांधलीय. पण मेज झालं! दोन खोकी उभी, वर फळी, खोक्यांच्या पोटात आडव्या पट्ट्या ठोकून कप्पे. संगप्पाने चारी पाय हलवून पाहिले (पाय नाहीतच, पण त्याची सवय) आणि म्हणाला, "डुगत न्हाय." एवढं प्रमाणपत्र मला ट्रेनिंग कॉलेजानेही दिलं नव्हतं.

उंचीची मात्र आधी पंचाईत झाली होती. वर्गातल्या नऊ वर्षांच्या तिघींना बसवून जमिनीपासून कोपरापर्यंत दोरीने मोजलं आणि मधलं माप धरलं. जगातल्या सगळ्या मुलींची उंची मोजता येते मला, माझ्या मुलीची ठाऊक नाही. हे लिहिताना वाईट वाटलं, पण लिहिलं.

२६ जानेवारी, रविवार

तीन खोकी एकावर एक — फडताळ. एका मुलीच्या आईने मिलमधल्या सूत गुंडाळायच्या मोडक्या लाकडी बॉबिना दिल्या, त्या कापून दारांना मुठी बसवल्या. काचकागदाने घासून हात सोलवटले. सहाव्या खोक्याला झाकण लावून कपड्यांची पेटी केली. त्यावर निळा रंग, आणि मध्ये पोपट काढायला गेले तो कावळा झाला. हिरवा रंग दिला तेव्हा कुठे पोपट म्हणवला.

बाजेला नवी सुतळी ओढली. विणकरांकडून नक्षी चुकलेली चादर निम्म्या किमतीत आणली. चूक पायथ्याशी येईल अशी अंथरायची, कोणाला दिसत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दादा आला! खास घर बघायला. मामंजींनीच पाठवलंय, म्हणाला. सगळीकडे फिरला. फडताळाची दारं चारदा उघडून लावली. मेजावरून हात फिरवला. "लीले, खरं सांगतो, हे खोक्यांचं आहे असं कोणी म्हणणार नाही." मला रडू आलं, मी चहा टाकायला उठले.

मामंजींचं म्हणणं असं — स्वैपाकाची खोली आणि निजायची खोली यांत आडोसा हवा. देवांना नीट जागा हवी. पोर सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली आहे. मी म्हटलं, हे पहिल्या पत्रात नव्हतं. दादा म्हणाला, "म्हातारा माणूस आहे. त्यांच्या कलाने घे. मी आहे ना मध्ये."

९ फेब्रुवारी

दोन जुन्या लुगड्यांचा पडदा. घासलेटच्या डब्यांची तोंडं कापून, कडा ठोकून, सोड्याने तीनदा धुऊन डाळ-तांदळाचे डबे केले. चौथ्या धुण्यालाही वास येत होता, तेव्हा दोन दिवस उन्हात उपडे घातले. देवांसाठी भिंतीत कोनाडा होताच, त्याला मण्यांची झालर लावली. खोली आता शिकवल्यासारखी वागते. पाय ठेवायला जागा नव्हती तिथे फुगडी घालता येईल.

१८ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत सारडा कायद्याचंच बोलणं. एक एप्रिलपासून चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावलं तर शिक्षा. म्हणून त्याआधीच जो तो घाईने लग्नं उरकतोय. भटजींना जेवायला फुरसत नाही, वाजंत्री मिळत नाहीत. माझ्याच वर्गातल्या चौघी महिन्याभरात मंगळसूत्र घालून आल्या. त्यातली एक अजून बाराखडीत अडखळते.

घरी आल्यावर मामंजींचं पत्र पुन्हा काढून वाचलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

दादा आला होता. पहिला प्रश्न तोच केला. मामंजींच्या मनात शकूचं लग्न वगैरे नाही ना? दादा बशीतला चहा फुंकत म्हणाला, "वेडी आहेस. लग्न करायचं असतं तर तुला घर मांडायला कशाला सांगितलं असतं?" खरंच की. मलाच माझी लाज वाटली. भाऊ पंचवीस-पंचवीस कोस हेलपाटे घालतो आणि मी संशय घेते.

मामंजींना माझं काम डोळ्यांनी बघायचंय म्हणाला. शब्दावर त्यांचा विश्वास नाही. तर त्याच्याबरोबर सामान पाठवायचं, ते बघतील, खात्री पटेल, आणि पाडव्याला शकूबरोबर सगळं परत. आणखी चार शोभेच्या वस्तूही कर म्हणाला — दाराचं मण्यांचं तोरण, विणलेले रुमाल, रंगवलेले पाट. "सासूबाईंना असल्या गोष्टी आवडतात. त्या खूश तर सगळं खूश." पाट किती? "दोन कर."

मीही तेच योजलं होतं. एक तिचा, एक माझा.

५ मार्च

पाटांवर कमळं. एकाला आठ पाकळ्या, दुसऱ्याला नऊ झाल्या. नऊवाला शकूचा.

१६ मार्च, रविवार

सामान गेलं. मेज, फडताळ, पेटी, पाट, तोरण, रुमाल. संगप्पाने बैलगाडी आणून दिली, मी प्रत्येक कोपऱ्याला कडबा आणि चिंध्या बांधल्या. स्टेशनावर दादा हमालांवर ओरडत होता — "जपून! माझ्या बहिणीच्या हातचं आहे." गाडी सुटेपर्यंत मी उभी होते.

संगप्पा परतताना म्हणाला, "बाई, बघायला म्हणून कुणी फडताळ नेतंय व्हय?" त्याला काय कळतंय आमच्या घरच्या गोष्टी, असं मनात आलं. थोडी फटकूनच बोलले त्याच्याशी.

१७ मार्च

खोली भुंडी दिसते. पाडव्याला अजून चौदा दिवस.

२२ मार्च

दादाचं पत्र. शकूला कांजिण्या आल्यात. "घाबरण्यासारखे नाही. पण तू येऊ नकोस, शाळेतल्या मुलींना लागण नेशील. पाडव्याचे पुढे ढकलू." शाळेतल्या मुली! कडुलिंबाचा पाला धाडावा, तर करमाळ्यात काय कडुलिंब नाही? तरी एक पुडी करून टपालात टाकली. दादा तिथे आहे, एवढाच आधार.

३१ मार्च

पाडवा गेला. गुढी उभारली नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

लिहिता येतंय का बघते.

संध्याकाळी रंभाबाई आल्या. करमाळ्याला सासरच्या शेजारच्या. डोळे दाखवायला सोलापुरात आल्या होत्या, म्हणून मला बघायला आल्या. दारातच माझ्या कपाळाला हात लावला. "ताप उतरला का तुमचा? लग्नाला येता आलं न्हाई म्हून लई वाईट वाटलं बगा."

कुठल्या लग्नाला, म्हटलं.

"अवो, शकूच्या की. धा दिस झालं."

त्या बोलत राहिल्या, त्यांना काही ठाऊक नव्हतं बिचाऱ्यांना. दादाने मांडवात सांगितलं होतं — आई तापाने फणफणलीय, पण लेकीसाठी रुखवत स्वतः करून पाठवलंय. "आन काय रुखवत! मांडवातल्या बाया हात लावलावून बघत हुत्या. त्ये कप्प्यांचं मेज, पोपटाची पेटी. नवऱ्यामुलाकडच्यांनी तर तोंडात बोटं घातली. आन नवरानवरी बसली ती तुमच्याच कमळाच्या पाटांवर."

मी त्यांना चहा केला. साखर घातली की नाही आठवत नाही. त्या गेल्यावर कडी लावली.

मुलीच्या लग्नाचं रुखवत मी माझ्या हाताने केलं. करवत धरून. कमळं काढून. आणि बांधून दिलं, कोपरे घासू नयेत म्हणून चिंध्या गुंडाळून!

६ एप्रिल, रविवार

कुर्डुवाडीला जाऊन आले. पहिल्या गाडीने गेले, दुपारच्या गाडीने परत.

दादा जेवायला बसला होता. मला बघून घास खाली ठेवला. वहिनी पाण्याचा तांब्या ठेवून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मला वाटलं होतं मी ओरडेन. "का?" एवढंच विचारलं.

तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू आडवी आली असतीस."

म्हणाला, एक तारखेनंतर चौदाची होईपर्यंत पाच वर्षं पोर कोणी सांभाळायची? मामंजी सत्तरीचे. तू एकटी बाई, उद्या बदली झाली तर? स्थळ माळशिरसचं, जमीनजुमला, मुलगा हायस्कुलात, इंग्रजी चौथीत. विधवेच्या मुलीला असं स्थळ कुठे मिळतं? मामंजींनी डिसेंबरातच ठरवलं होतं.

डिसेंबरात! म्हणजे घर मांडा हे पत्र आलं त्याच्या आधी. खोकी येण्याच्या आधी. मग घर कशाला मांडायला लावलं, म्हटलं.

"तू सारखी करमाळ्याला येण्याच्या गोष्टी करत होतीस. हातांना काम मिळालं की तू शांत असतेस, लहानपणापासून ठाऊक आहे मला."

आणि कांजिण्या? "काहीतरी लिहावं लागलं." आणि सामान? यावर तो जरा खुललाच. मामंजी रुखवताला पैसा काढायला तयार नव्हते, चार लोकांत लाज गेली असती, तुझ्यामुळे राहिली. "सगळ्यांनी नाव काढलं तुझं, लीले." त्याला खरोखर वाटतं की त्याने माझ्यावर उपकार केले. वाईट माणूस असता तर मला शिव्या देता आल्या असत्या. हा माझा दादा. मला पाटीवर श्री काढून देणारा. केसाने गळा कापला म्हणतात तो असा, मायेने मान धरून.

शकूला भेटायचंय म्हटलं. "आता ती त्यांची. आधी त्यांना विचारावं लागेल." कोणाच्या परवानगीने भेटणार मी माझ्या पोरीला? ज्या घराचं मी नावही आजवर ऐकलं नव्हतं, त्यांच्या!

निघताना त्याने तिकिटाचे पैसे पुढे केले. घेतले नाहीत.

८ एप्रिल

शाळेत सगळ्याजणी मिठाच्या सत्याग्रहाचं बोलत होत्या. मी वह्या तपासत बसले. संगप्पाच्या दुकानावरून गेले, त्याची माफी मागायची होती. त्याने रंधा थांबवून बघितलं. मी तशीच पुढे गेले.

बाज भिंतीला उभी करून ठेवलीय.

९ एप्रिल

मामंजींना लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटी एकच वाक्य पाठवलं — शकूला एकदा भेटू द्या. तिला सांगायचंय की मला ठाऊक नव्हतं. एवढं तरी तिला कळायला हवं. बाकीचं आता कोणाच्या हातात नाही.

१२ एप्रिल, शनिवार

कार्ड आलं. मामंजींचं नाही. शकूचं अक्षर.

"ती. आईस शकूचा शि. सा. न. वि. वि. तुझा ताप गेला का? मी लग्नाला नको म्हणत होते. दोन दिवस जेवले नाही. आजोबा रागावले तरी नको म्हणाले. मग मामाने तू केलेले मेज आणि पाट आणून दाखवले आणि म्हणाला, बघ, आईनेच हे तुझ्या लग्नासाठी केले. मग मी हो म्हणाले."