निम्मंच घातलेलं लोणचं

प्रिय अक्का,

मागच्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, फ्रीगंजातल्या एका डॉक्टरने माझा कॅन्सर माझ्या देखत माझ्या मुलाला सांगितला. मला नाही! म्हणून हे पत्र तुला. तुझ्या वेळी असंच झालं होतं ना?

इंग्रजीत सांगितलं, म्हातारीला कळू नये म्हणून. मग माझ्याकडे वळून गोड हसला, "मांजी, छोटी सी गांठ है, टेन्शन मत लो." नन्सच्या छड्या खाऊन इंग्रजी शिकलेली मी! त्याच्याच इंग्रजीत विचारलं, कितव्या स्टेजला आहे ही छोटीशी गाठ? त्याच्या हातातलं पेन पडलं. आपला सुधीर चपला शोधू लागला. त्या पायातच होत्या.

घरीही सगळे अजून 'गाठ'च म्हणतात. मी स्वयंपाकघरात गेले की सून एकदम भाजीच्या भावावर येते.

बुधवारी ई-रिक्षा करून एकटीच परत दवाखान्यात गेले. तिथे एक समुपदेशक मुलगी बसते, हे आदल्या दिवशी कुणी सांगितलंच नव्हतं! तिने विचारलं, "आंटी, सबसे ज़्यादा डर किस बात का है?"

मला वाटलं, मी मरणाचं म्हणेन. तोंडून निघालं, "अब घर में सब झूठ बोलेंगे. और मैं भी."

आणि मी रडले, अक्का. ती नुसती बसून राहिली. 'हिम्मत रखो' नाही, देवाचं नाव नाही. असं गप्प बसायला कुठे शिकवत असतील गं?

तेव्हापासून तूच डोक्यात आहेस. दादाने आम्हाला बजावलं होतं, अक्कासमोर 'गाठ' एवढंच म्हणायचं. तूही तेच म्हणायचीस. पण त्या वर्षी माधव नगरच्या घरी तू लिंबाचं लोणचं निम्मंच घातलंस. मी विचारलं, तर म्हणालीस, "पुरे गं, खाणारं कोण आहे एवढं?"

तुला माहीत होतं ना? कधीपासून? मग आम्हाला का सांभाळत बसलीस? भीती वाटली तेव्हा कुणाशी बोललीस? मला हाक मारायचीस! बोलायला सुचलं नसतं, पण शेजारी बसले असते.

शुक्रवारी सुधीरला आणि सुनेला त्या मुलीसमोर बसवणार आहे. 'कॅन्सर' हा शब्द आधी मी उच्चारीन, मग त्यांनी. आणि लोणचं मी बरणीभर घालणार, हे वचन.

उत्तर मात्र हवं. सर्वपित्रीच्या आत, आणि लेखी. कावळा पानाला शिवला, एवढ्यावर मी ऐकणार नाही.

तुझी धाकटी,
बेबी