लॅपटॉप तापला आणि रोमेल थांबला

प्रिय रोमेल यास,

ओतोनहून थोरल्या भावाचा आशीर्वाद. जहाजावर नेट लागेल तेव्हा हे वाच, आणि भटारखान्यातल्या चुलीवर काही असेल तर आधी उतरवून ठेव, कारण हकिकत लांबलचक आहे. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे दुखत होते, पण शेजारणीचे जास्त दुखतात हे कळल्यापासून तिला पुष्कळ आराम आहे. तुझी वहिनी नेनिता तुझी चौकशी करते. (ती मागे उभी राहून वाचते आहे, म्हणून तिची तब्येतही उत्तम असं लिहितो.)

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तू व्हिडिओवर बोलून पाठवलंस ते, आणि सगळ्यांचे जुने फोटो, असं जोडून तुझी जिनेल एक फिल्म बनवत होती. तिचा लॅपटॉप मात्र असा की, काम सुरू करून द्यावं, पांसितच्या शेवया शिजवाव्यात, खाव्यात, भांडी घासावीत, तरी पडद्यावरची पट्टी जागची हलत नाही. मी विचारलं तर म्हणाली, प्रोसेसरने वीज किती खायची आणि किती तापल्यावर हात आखडायचा, याच्या मर्यादा कंपनीने आधीच घालून दिलेल्या असतात. त्या बदलता येतात, पण बेताने. आता माझा जन्म गेला जहाजाच्या इंजिनरूममध्ये. मर्यादा म्हटलं की माझे हात शिवशिवतात. "काका, हे जहाज नाही," जिनेल म्हणाली. "जहाजापेक्षा बरंच लहान आहे," मी म्हणालो, आणि विजेची मर्यादा जाईल तिथपर्यंत वर सरकवली.

पहिली काही मिनिटं लॅपटॉप नुसता उधळला होता. मी कौतुकाने नेनिताला हाक मारली. ती हात पुसत येईपर्यंत पंखा चढावरच्या ट्रायसिकल रिक्षासारखा किंचाळायला लागला, बटणांना बोट लावता येईना, आणि स्वतःच्या जिवाला भ्यालेला तो प्रोसेसर पहिल्यापेक्षाही मंद चालू लागला. "हे बघायला बोलावलंस?" नेनिताने विचारलं आणि ती परत गेली.

मग जिनेलने मला खुर्चीवरून उठवलं. पंख्यातली धूळ झाडली (भुवयांच्या ब्रशने, कोणाच्या ते या ठिकाणी लिहिता येत नाही), खालून वारा लागावा म्हणून लॅपटॉप सार्डिनच्या दोन डब्यांवर ठेवला, प्रोसेसरचं व्होल्टेज किंचित उतरवलं आणि विजेची मर्यादा कंपनीच्या आकड्यापेक्षा जराशीच वर ठेवली. आणि काय सांगू, तो निमूटपणे, न धापा टाकता चालत राहिला. रात्रीच्या जेवणाआधी फिल्म तयार. "कमी खाल्लं की जास्त काम होतं, काका," ती माझ्या पोटाकडे बघत म्हणाली. पोरगी तुझीच आहे, शंका नको.

वाढदिवसाला अंगणात पत्र्याचा मांडव, भर दुपार, सबंध डुक्कर भाजलेलं, आणि ज्यांना बोलावलं नव्हतं तेही हजर. लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला. एवढ्या लोकांसमोर तो अडखळला तर, या धास्तीने मी जिनेलचं लक्ष नसताना मर्यादा पुन्हा वर नेऊन ठेवली. तिकडे आईला वाटलं, एवढी महागाची वस्तू धुळीत उघडी कशी. तिने स्वतः विणलेला रुमाल त्यावर घातला आणि कडा नीट खाली खोचल्या. माझं तिला माहीत नाही, तिचं मला माहीत नाही.

फोटो झाले. मग पांढऱ्या टोपीत तू आलास, "नानाय," अशी आईला हाक मारलीस आणि थिजलास. तोंड मिटलेलं, मान जराशी कललेली, नजर नेमकी आईवर. जिनेल रुमाल ओढायला धावली.

"थांब," आई म्हणाली. "तो ऐकतोय."

तिने खुर्ची टीव्हीजवळ ओढली. फोनवर तुझं कसं असतं ते तुला ठाऊक आहे: हो हो, जेवलो, तू जेवलीस का, रेंज जातेय. इथे तू कुठेच जात नव्हतास. तिने तुला पडलेल्या दाताचं सांगितलं, गळणाऱ्या पत्र्याचं सांगितलं (तो मी दुरुस्त केलाय, तिचं ऐकू नकोस), जहाजावर सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाऊ नकोस म्हणून बजावलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, बाबा गेले तेव्हा तुला उतरता आलं नाही, त्याचा मला कधीच राग नव्हता. तू विचारलं नाहीस, म्हणून सांगायचं राहिलं.

तोवर जिनेलने हळूच रुमाल काढून घेतला होता. प्रोसेसर निवला आणि तू एकदम तिचं वाक्य तोडून शुभेच्छा द्यायला लागलास.

"झाला परत सुरू," आई म्हणाली. सगळे हसले, तीही हसली, आणि त्याच रुमालाने तिने डोळे पुसले.

जिनेलने मर्यादा जागेवर आणल्या आहेत आणि पासवर्ड बदलला आहे. लोभ असू दे.

तुझा थोरला भाऊ,
क्रिसान्तो

ता. क. नवा लॅपटॉप पाठवायच्या विचारात असशील तर नको. हा छान चालतो.

दुसरा ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी: आईला तुझी नवी फिल्म हवी आहे. टोपी काढून समोर बघत अर्धा तास बस. अधूनमधून मान हलव. 'हो हो' म्हणू नकोस, काहीच म्हणू नकोस.

तिसरा ता. क. फिल्मऐवजी स्वतःच येऊन बसलास तरी चालेल. हे तिने लिहायला सांगितलेलं नाही. माझं मीच लिहितोय.