कात्री धरून दाखवा

१२ मार्च

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझी कंबर आता कशी आहे? अक्षर बघून दचकू नकोस. शब्द माझे, हात यांचा. शुद्धलेखनाच्या चुकाही यांच्याच. ही ओळ गाळतो म्हणत होते, मी गाळू दिली नाही.

भरपाईच्या दाव्याचा निकाल लागला. फेटाळला. लस घेतल्यावर थोड्याच दिवसांत हातपाय लुळे पडले, हे समोरच्या पक्षालाही मान्य आहे. त्यांचे डॉक्टर म्हणाले, "लसीमुळे असू शकेल. त्याआधी येऊन गेलेल्या तापामुळेही असू शकेल. खात्रीनं सांगता येत नाही." माणूस सरळ वाटला. त्याचा धड रागही येईना.

राग आला तो त्यांच्या वकिलाचा. त्यानं टेबलावर कात्री ठेवली. "तुम्ही दुकानात कोट कापायचात ना? धरून दाखवा." मी जीव खाऊन धरली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा धरता आली, आणि तीही नेमकी तिथे!

"येते की धरता," तो म्हणाला. कापड मात्र कोणी पुढे केलं नाही.

निकाल ऐकून बाहेर आल्यावर आपले वकील म्हणाले, "अपिलाला एकच वाट दिसते. लस टोचणाऱ्या नर्सचा हलगर्जीपणा दाखवायचा. कोण होती ती?"

"माझी थोरली बहीण. तिनं ताप उतरलाय ना, हे बघूनच टोचलं."

त्यांनी फाइल मिटली. घरी आल्यावर यांनी मला खुर्चीत बसवलं. मग म्हणाले, "बहिणीला वाचवलंस. आपलं काय?" स्वतःचंच बोलणं आता लिहावं लागतंय बिचाऱ्यांना.

आता अपील नाही. दुकानात माझ्या जागी दुसरी आली. चांगली कापते म्हणे.

ताई, तुझी चूक नव्हती. कुठेही शपथेवर सांगेन. पण तू दारात उभी राहिलीस, तर तुझ्या तोंडाकडे बघायच्या आधी माझी नजर तुझ्या हातांकडे जाईल, आणि ते तुला दिसेल. म्हणूनच तू येत नाहीस, एवढं मला कळतं. इथे हे थांबलेत. "हे लिहू?" विचारताहेत. लिहा म्हटलं.

'ये' असं मात्र लिहायला सांगत नाही.

तुझीच,
धाकटी