बर्फाच्या कप्प्यातली कढी

आई, तू गेल्यावर तुझ्या गोळ्याच्या कढीचं काय झालं, हे तुला कोणी सांगितलं नसणार.

बोरगाव मेघेच्या घरात फ्रिज आला तेव्हा मी कॉलेजात होते. बाबा त्याला शिळ्याचं कपाट म्हणायचे, तुझा मात्र त्याच्यावर भारी जीव. उरलेलं वरण, अंबाडीची भाजी, सगळं तू त्यात कोंबायचीस, आणि जास्त दिवस टिकवायचं ते थेट वर, बर्फाच्या कप्प्यात. कढी कोणी गोठवतं का, असं विचारलं की म्हणायचीस, "तुले काय करा लागते? पाहुणा आला तं कामी येईन." त्या शनिवारची उरलेली कढीही तू लहान गंजात ओतून वर ठेवलीस. सोमवारी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच तू गेलीस.

आपल्यात माणूस गेलं की घरातलं शिजलेलं अन्न, भरलेलं पाणी टाकून देतात. आत्यानं माठ उपडा केला, फ्रिजमधली भांडीही रिकामी केली. वरच्या कप्प्याचं तिला ठाऊकच नव्हतं. तेरवीनंतर बर्फ काढायला गेले तर तो कढीचा गंज हाताला लागला. गोळे बर्फात अडकून बसले होते. आत्या म्हणाली, "सुतकातलं हाय ते, काऊन ठेवून राह्यली? फेकून दे." मी मोरीपर्यंत गेलेही. बाबा दारात येऊन उभे राहिले. "आण इकडं," म्हणाले. "तिच्या हातचं हाय. आता कुठून येईन?" आत्या तोंडाला पदर लावून आत गेली.

बर्फ सुटेपर्यंत आम्ही दोघं ओट्यापाशी बसून आहोत. मग मी कढी गरम करते आणि ती फुटते. पाणी वेगळं, चोथा वेगळा, गोळ्यांचा भुगा. बाबा भातावर ओतून घेतात. जेवतात, रडतात, पुन्हा जेवतात. मीही जेवते.

ती चांगली लागली नाही गं. आंबूस, पाणचट, फ्रिजचा वास मारणारी. बाबा पुढे जन्मभर येईल त्याला सांगायचे, काय कढी झाली होती म्हणून, आणि मी मान हलवायचे. आता तेही नाहीत, आणि हे पत्रही कुठं जायचं नाही, म्हणून सांगते. तुझी कढी आठवायला गेले की मला तेवढीच आठवते. त्याआधी इतकी वर्षं तू वाढलेली, ती गरम कढी कशी लागायची, ते मला आठवत नाही.